समुद्रावर काहीच दिसत नाही

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, 70 अंश अक्षांशाच्याही वर, हॅमरफेस्ट नावाचं छोटं बंदर आहे. तिथून वायव्येला बोट हाकली आणि बॅरेंट्स समुद्रात सुमारे 140 किलोमीटर आत गेलं, की आपण एका मोठ्या वायूक्षेत्राच्या बरोबर डोक्यावर येतो. पण तिथे पाहण्यासारखं काहीही नाही. पोलादी मनोरा नाही, धगधगती ज्योत नाही, हेलिकॉप्टरची ये-जा नाही. लाटा, समुद्रपक्षी आणि मासेमारीच्या बोटी, एवढंच. खाली अडीचशे ते साडेतीनशे मीटरवर, जिथे उजेडाचा मागमूस नाही, तिथे विहिरींच्या तोंडावरच्या झडपा उघडलेल्या आहेत आणि वायू वाहतो आहे. त्या झडपा उघडणारा, मिटणारा माणूस किनाऱ्यावरच्या एका खोलीत बसलेला आहे.

या क्षेत्राचं नाव स्नोव्हिट. आपण जिला हिमगौरी म्हणतो, तिचंच हे नॉर्वेतलं नाव. शेजारच्या दोन साठ्यांना आस्केलाड आणि अल्बाट्रॉस अशी नावं आहेत, आणि हे तिन्ही मिळून एकच प्रकल्प आहे.

मुंबईकराला समुद्रातल्या विहिरी नवीन नाहीत. 1974 साली बॉम्बे हाय सापडलं, 1976 साली तिथून उत्पादन सुरू झालं. चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, अशा पाळ्या करत आयुष्य काढलेले ओएनजीसीतले लोक आपल्याकडे कितीतरी घरांत आहेत. बॉम्बे हायजवळ समुद्राची खोली साधारण पाऊणशे मीटर. तिथे तळावर पाय रोवून प्लॅटफॉर्म उभा करता येतो, त्यावर माणसं राहतात, यंत्रं चालतात आणि निघालेला वायू नळातून उरणला येतो. उरणच्या पुढे लगेचच गिऱ्हाईक आहे. म्हणून तो वायू द्रवरूप करण्याची वेळ आपल्यावर कधी आली नाही.

स्नोव्हिटच्या नशिबी असं गिऱ्हाईक नव्हतं. 1984 साली तो साठा सापडला आणि पुढची 23 वर्षं जागच्या जागी राहिला. वायूक्षेत्रांच्या गोष्टीत मला सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट. सापडणं हा फक्त पहिला अध्याय असतो. तेल निघालं तर ते टँकरमध्ये भरून कुठेही नेता येतं, जगात कुठेही विकता येतं. वायूचं तसं नाही. त्याला भांडं लागतं, आणि साध्या भांड्यात तो मावत नाही. युरोपला वायू पुरवणारं नळांचं जाळं तेव्हा स्नोव्हिटपासून शेकडो किलोमीटर दक्षिणेला संपत होतं. एवढ्या लांब नळ टाकण्याचा हिशेब जमेना. तोवर, ज्युरासिक काळातल्या वाळूच्या खडकात, समुद्रसपाटीपासून दोन किलोमीटरहून जास्त खोल, मिथेनचे रेणू कोट्यवधी वर्षं जसे अडकलेले होते तसेच अडकून राहिले.

2002 साली नॉर्वेच्या संसदेने प्रकल्पाला मंजुरी दिली. मार्ग ठरला तो असा: समुद्रावर काहीच बांधायचं नाही. विहिरींतून जे निघेल ते, वायू, त्यातलं हलकं तेल आणि पाणी, सगळं एकाच नळातून 143 किलोमीटर वाहून हॅमरफेस्टसमोरच्या मेल्कोया या बेटावर आणायचं. तिथे ते वेगळं करायचं, वायू थंड करून त्याचा द्रव करायचा आणि जहाजात भरायचा.

या वाक्यात जी घाई आहे ती प्रत्यक्षात कुठेच नव्हती. आधी नळाचंच घ्या. तो पाऊण मीटरपेक्षा थोडा कमी रुंद. आत वायू आणि द्रव एकत्र वाहतात तेव्हा ते गुण्यागोविंदाने वाहत नाहीत. समुद्राचा तळ उंचसखल असतो. सखल भागात द्रव साचतो, मागून वायूचा दाब वाढत जातो, आणि मग तो द्रवाचा अख्खा लोंढा एकदम पुढे ढकलला जातो. म्हणून किनाऱ्यावर नळाच्या तोंडाशीच हे लोंढे झेलणारी लांबलचक नळकांड्यांची व्यवस्था करावी लागते. पण त्याहून धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. मिथेन आणि पाणी भारी दाबाखाली एकत्र आले, की पाण्याचे रेणू मिथेनभोवती पिंजरे बांधतात आणि बर्फासारखा एक घन पदार्थ तयार होतो. त्याला हायड्रेट म्हणतात. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं, पण हायड्रेट दाब पुरेसा असेल तर वीस अंशांनाही जमू शकतो. बॅरेंट्स समुद्राच्या तळाशी तापमान जेमतेम काही अंश. म्हणजे काहीच उपाय केला नाही, तर हा 143 किलोमीटरचा नळ आतून बुजणार.

उपाय सापडला तो ग्लायकॉलचा. थंड देशांत मोटारीच्या रेडिएटरमधलं पाणी गोठू नये म्हणून जे घालतात, त्याच जातीचं रसायन. किनाऱ्यावरून एका वेगळ्या बारीक नळातून ते थेट विहिरीच्या तोंडाशी पाठवतात, तिथे ते प्रवाहात मिसळतं, पाण्याला पिंजरे बांधू देत नाही, आणि वायूबरोबर परत बेटावर येतं. तिथे त्यातलं पाणी उकळून काढतात आणि ग्लायकॉल पुन्हा समुद्राकडे रवाना होतं. शिवाय याच मार्गावरून एक जाड केबल जाते. तिच्या पोटात वीज, झडपा हलवणारं हायड्रॉलिक द्रव आणि संदेश नेणारे प्रकाशतंतू असतात. बेटावरच्या खोलीत बटण दाबलं, की इतक्या लांबच्या काळोखात झडप हलते ती या केबलच्या जोरावर. तळावरचे पोलादी सांगाडे असे बनवलेले आहेत, की मच्छीमारांचं तळ खरवडणारं जाळं वरून गेलं तरी अडकू नये. मासेमारीवर जगणाऱ्या किनाऱ्याला हे वचन द्यावंच लागलं असतं, आणि ते पाळलं गेलं याचं मला फार कौतुक वाटतं.

आता बेटावरचा कारखाना. वर्षातले दोन महिने, नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, हॅमरफेस्टला सूर्य उगवत नाही. वाऱ्याचं आणि हिमवादळांचं राज्य असतं. अशा ठिकाणी हजारो टनांची यंत्रं, मैलोगणती नळ आणि नाजूक जोडकाम उघड्यावर करायचं, तर कामाचे दिवस फार थोडे मिळतात. म्हणून कारखान्याचा गाभा उत्तर ध्रुववृत्तात बांधलाच नाही. तो स्पेनच्या उबदार किनाऱ्यावर, 154 मीटर लांब आणि 54 मीटर रुंद अशा एका अवाढव्य बार्जवर बांधला. त्याचं वजन तीस हजार टनांच्या वर गेलं. मग ब्लू मार्लिन नावाचं एक जहाज आलं. हे जहाज स्वतःच्या टाक्यांत पाणी भरून घेतं आणि पाठ पाण्याखाली जाईल इतकं बुडतं. वर बार्ज तरंगत आणायचा, मग टाक्यांतलं पाणी उपसायचं, की जहाज वर येतं आणि बार्ज त्याच्या पाठीवर बसतो. 2005 च्या जुलैमध्ये तो कारखाना असा पाठीवर बसून भर समुद्रातून युरोपच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकाला गेला. मेल्कोयावर सुरुंग लावून खडकात त्याच्या मापाची गोदी कोरून ठेवली होती. त्यात तो तरंगत शिरला आणि कायमचा टेकला. बेटावर ये-जा करण्यासाठी समुद्राखालून दोन किलोमीटरहून लांब बोगदा खणला होता तो निराळाच.

आणि हे सगळं कशासाठी, तर वायूला उणे 163 अंशांपर्यंत थंड करण्यासाठी. त्या तापमानाला मिथेनचा द्रव होतो आणि त्याचं आकारमान सहाशे पटींनी घटतं. सहाशे घनमीटर वायू एका घनमीटरात मावतो, तोही बाहेरच्या हवेइतक्याच दाबाला.

इथे एक प्रश्न कुणाच्याही मनात येईल. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्येही द्रवच असतो. तो तर घरातल्या तापमानाला, नुसत्या दाबाने द्रव राहतो. मग मिथेनलाही तसाच दाबून का भरत नाहीत? एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पडला होता. मायकेल फॅरेडेने क्लोरीनसारखे कितीतरी वायू दाबून आणि गार करून द्रवरूप केले, पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, मिथेन असे काही वायू कितीही दाबले तरी बधले नाहीत. त्यांना चक्क ‘कायमचे वायू’ असं नाव पडलं. मग 1869 साली बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने कार्बन डायऑक्साइडवरच्या प्रयोगांतून कोडं उलगडलं. प्रत्येक वायूचं एक क्रांतिक तापमान असतं. त्या तापमानाच्या वर त्याला हवा तेवढा दाब द्या, त्याचा द्रव होणार नाही. सिलिंडरमधल्या प्रोपेनचं क्रांतिक तापमान सुमारे 97 अंश सेल्सिअस आहे, म्हणून आपल्या उन्हाळ्यातही तो दाबाखाली निमूट द्रव राहतो. मिथेनचं क्रांतिक तापमान उणे 82 अंशांच्या आसपास आहे. त्याला नुसतं दाबून काही होणार नाही. आधी थंडीच लागते, आणि तीही कडाक्याची.

ही थंडी करायची रीत आपल्या घरच्या फ्रिजचीच आहे. दाबलेला वायू एकदम पसरू दिला की गार होतो. त्या गारव्याने दुसऱ्या वायूची उष्णता काढून घ्यायची. फरक इतकाच, की मेल्कोयावर एकाखाली एक अशी तीन चक्रं चालतात, प्रत्येक चक्रात वेगवेगळ्या वायूंचं मिश्रण फिरतं, आणि प्रत्येक चक्र वायूला आणखी खालच्या पायरीवर नेतं. उंच मनोऱ्यांच्या आत हजारो बारीक ॲल्युमिनियमच्या नळ्या पेंढीसारख्या गुंडाळलेल्या असतात. आतून नैसर्गिक वायू जातो, बाहेरून गार करणारं मिश्रण झिरपतं. वरच्या टोकाला पोचेपर्यंत वायूचा द्रव झालेला असतो. या कामात आर्क्टिकची हवा आणि थंडगार समुद्र हे फुकटचे मदतनीस ठरतात. उष्णता शेवटी बाहेर समुद्रात टाकायची असते आणि तो समुद्र आधीच थंड आहे, त्यामुळे तेवढ्याच वायूसाठी कतार किंवा ऑस्ट्रेलियापेक्षा इथे ऊर्जा कमी लागते. गल्फ स्ट्रीमच्या कृपेने हे बंदर हिवाळ्यातही गोठत नाही. ज्या जागेने बांधकाम इतकं अवघड केलं, तीच जागा पुढे दर दिवशी उपकार करते.

थंड करण्याआधी वायू स्वच्छ करावा लागतो, आणि ही स्वच्छता मोठी काटेकोर असते. पाण्याचा लवलेश उरला तर तो गोठून नळ्या तुंबवील. कार्बन डायऑक्साइड उणे 78 अंशांखाली थेट घन होतो, आपण ज्याला कोरडा बर्फ म्हणतो तो. तो राहिला तर त्या बारीक नळ्या बंद. पाऱ्याचा अंशही काढावा लागतो, कारण पारा ॲल्युमिनियमशी संयोग करून नळ्या पोखरतो.

द्रव तयार झाला की तो दोन टाक्यांत साठवतात, प्रत्येकी सव्वा लाख घनमीटर. साधं पोलाद या थंडीत काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून अशा टाक्यांच्या आतल्या भिंतींसाठी 9 टक्के निकेल मिसळलेलं पोलाद वापरतात. हा 9 चा आकडा फार महागात शिकलेला आहे. 1944 च्या 20 ऑक्टोबरला अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात द्रवरूप वायूची एक टाकी फुटली. युद्धामुळे निकेलची टंचाई होती आणि त्या टाकीच्या पोलादात ते साडेतीन टक्केच होतं. बाहेर वाहिलेला द्रव गटारांत शिरला, वायू झाला आणि पेटला. सुमारे 130 माणसं गेली. त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षं या धंद्याची वाढ थांबली. 1959 साली मिथेन पायोनियर हे छोटं जहाज अमेरिकेतल्या लुइझियानातून लंडनजवळच्या कॅनव्ही बेटापर्यंत द्रवरूप मिथेन सुखरूप घेऊन गेलं, आणि 1964 साली अल्जीरियातल्या आर्झू इथून नियमित व्यापार सुरू झाला.

टाकीत किंवा जहाजात हा द्रव थंड ठेवायला फ्रिज लागत नाही, हे प्रथम वाचलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं. तो सतत किंचित उकळत असतो. जो थोडा भाग वाफ होतो तो जाताना उष्णता घेऊन जातो, आणि उरलेला द्रव आपोआप उणे 160 च्या आसपास राहतो. ती वाफ जहाजाच्या इंजिनात इंधन म्हणून जाळतात. माल स्वतःला गारही ठेवतो आणि जहाजही चालवतो. वर्षाला सुमारे 43 लाख टन, म्हणजे साधारण पाच-सहा दिवसांना एक जहाज, एवढी मेल्कोयाची क्षमता आहे.

21 ऑगस्ट 2007 रोजी वायू बेटावर पोचला आणि ऑक्टोबरमध्ये पहिलं जहाज सुटलं. सुरुवात सुखाची नव्हती. यंत्रणा बसत नव्हत्या, वायू जाळून टाकावा लागत होता, आणि त्या ज्वाळांची काजळी हॅमरफेस्टच्या घरांवर आणि गाड्यांवर बसत होती. समुद्राच्या पाण्यावर चालणारे उष्णता काढणारे संच गळू लागले. पहिली काही वर्षं कारखाना पुन्हा पुन्हा बंद पडत राहिला. आणि मग 28 सप्टेंबर 2020 ची आग. एका टर्बाइनच्या हवा घेण्याच्या मार्गात बर्फ जमू नये म्हणून हवा तापवण्याची सोय होती. तापमान जास्त झालं आणि गाळण्या आपसूक पेटल्या. माणसं वाचली, पण आग विझवण्यासाठी मारलेल्या समुद्राच्या खाऱ्या पाण्याने विजेची उपकरणं निकामी झाली. 180 किलोमीटर केबल बदलावी लागली. कारखाना परत सुरू झाला जून 2022 मध्ये. तेव्हा रशियाने युक्रेनवर आक्रमण केलेलं होतं आणि युरोप वायूच्या एकेका जहाजाची वाट पाहत होता. नॉर्वेच्या एकूण वायूनिर्यातीत मेल्कोयाचा वाटा फक्त 5 टक्क्यांच्या आसपास आहे, पण तेवढा वायू सुमारे 65 लाख युरोपीय घरांना पुरतो.

आता वायूतून काढलेल्या त्या कार्बन डायऑक्साइडकडे येतो. स्नोव्हिटच्या विहिरींतून येणाऱ्या प्रवाहात तो 5 ते 8 टक्के असतो. बहुतेक ठिकाणी असा कार्बन डायऑक्साइड सरळ हवेत सोडून देत आले. नॉर्वेने 1991 पासूनच कार्बनवर कर लावला होता, आणि 1996 पासून उत्तर समुद्रातल्या स्लाइप्नर क्षेत्रात तो जमिनीखाली पुरण्याचं काम चालू होतं. मेल्कोयावरही तेच ठरलं. 2008 पासून वर्षाला सुमारे सात लाख टन कार्बन डायऑक्साइड दाबून दुसऱ्या एका नळातून आल्या वाटेने परत समुद्राखाली पाठवला जातो आणि खडकात सोडला जातो. पहिल्यांदा निवडलेल्या थरात अपेक्षेपेक्षा दाब झपाट्याने चढला, कारण तो खडक वाटला तितका मोकळा निघाला नाही. भूकंपीय लहरींनी तळ पुन्हा पुन्हा तपासून 2011 मध्ये दुसऱ्या थरात सोडायला सुरुवात केली. जमिनीखालचा खडक आपल्या आराखड्याप्रमाणे वागेलच असं नाही, हे तिथल्या अभियंत्यांनी उघडपणे मांडलं आणि जगभरच्या अशा प्रकल्पांना त्याचा उपयोग झाला.

पण पूर्ण हिशेब मांडायलाच हवा. 16 किलो मिथेन जळाला की 44 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे शाळेतल्या रसायनशास्त्राचं गणित आहे. म्हणजे 43 लाख टन द्रवरूप वायू कुठेतरी चुलीत, वीजकेंद्रात जळतो तेव्हा एक कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यापुढे सात लाख टन पुरणं थोडंच आहे. शिवाय कारखाना स्वतःच्या टर्बाइनांसाठी वायू जाळतो, त्यातून वर्षाला साडेआठ लाख टन बाहेर पडतात. ते थांबवण्यासाठी कारखाना मुख्य वीजजाळ्याला जोडायची योजना नॉर्वे सरकारने 2023 मध्ये मंजूर केली. तिला विरोध झाला, कारण नव्या वीजवाहिन्या तिथल्या मूळनिवासी सामी लोकांच्या रेनडियर चारण्याच्या भूमीतून जातात. माझ्या मते हा विरोध प्रगतीच्या आड येणारा म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे. ती कुरणं या वायूच्या कितीतरी आधीपासून त्या लोकांची आहेत.

आपल्याकडे या साखळीचं दुसरं टोक आहे. गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ दाभोळचा एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचा, टर्मिनल आहे. 2013 साली तिथे पहिलं जहाज लागलं. तिथे मेल्कोयाच्या उलट काम चालतं. द्रवाला ऊब द्यायची, पुन्हा वायू करायचा आणि नळात सोडायचा. समुद्रातला लाटरोधक बांध पूर्ण नसल्याने कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लावताच येत नव्हतं.

कोळशाच्या जागी वायू आला तर धूर, राख आणि कार्बन कमी होतो, हे खरं आहे, आणि म्हणून त्याची गरज आणखी काही दशकं राहील. पण नवं वायूक्षेत्र उघडताना वायूसोबत वर येणारा कार्बन परत खाली गेलाच पाहिजे, ही अट प्रत्येक देशाने घालावी. स्नोव्हिटने ते 2008 मध्येच करून दाखवलं आहे.